ओढ्यातली आठवीची सुट्टी

२ मार्च

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

टप्प. मग जरा थांबून पुन्हा टप्प. पंचावन्न वर्षांपूर्वी माझी सकाळ या आवाजाने व्हायची. पाट्या रंगवण्याच्या कामात मी नुकता हाताखाली लागलो होतो. उस्ताद दुकान उघडले की चमच्याच्या दांडीने रंगाच्या डब्यांची झाकणं एकेक करून उचकटायचे. अकरा डबे, अकरा टप्प. बारावा टप्प माझ्या डोक्यावर बसायचा, कारण मी कोपऱ्यात शाळेतल्या कविता पुटपुटत उभा असायचो.

आज तो आवाज आठवला, कारण आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे आपल्या जावयांनी, आपला निरोप पोचवला. माझी मागची खोली रिकामी झाल्याशिवाय आपल्याकडे राहणारी आपली नात भिंगरी सुट्टीला माझ्याकडे येणार नाही, असं आपण ठरवलं आहे म्हणे. फोनवर मी मधेच कविता म्हणतो म्हणून आपण माझा फोन घेत नाही, तेव्हा हे पत्र.

मागच्या वर्षीचं मला मान्य आहे. नातीने बाहुल्यांची पंगत मांडली, त्या खोलीतली टर्पेंटाईनची निळी बाटली आणली, कपात ओतली, आणि पहिला घोट स्वतः घेणार इतक्यात आपण पोचलात. त्या दिवशी आपण जो आवाज काढलात तो समोरच्या इस्त्रीवाल्याला अजून आठवतो. पण विहीणबाई, बेसावध मी नव्हतो. प्रत्येक डब्यावर आणि बाटलीवर मी स्वहस्ते नाव रंगवलं आहे. टर्पेंटाईनवर तर चक्क कडवं आहे:

नाक म्हणे मज दूरच ठेवा
हात म्हणे मज साबण द्यावा

याहून स्पष्ट इशारा तो काय द्यायचा?

चाळीस वर्षं मी या गावातले दवाखाने, खानावळी आणि शाळा यांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील फलक आले आणि माझे ब्रश वाळले. त्या खोलीत उरलेत एकूण एक्केचाळीस नग. ते टाकायचे म्हणजे माझी चाळीस वर्षं टाकायची. खोलीला कुलूप लावलं तर चालेल का? भिंगरी सहा वर्षांची झाली. मी बहात्तरचा. अशा किती सुट्ट्या उरल्या ते मोजायचं नाही असं ठरवतो, पण रात्री पडल्या पडल्या मोजल्या जातात.

आपला,
व्याही


७ मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

पत्र मिळालं. त्यातला मजकूर असा, की खोली अजून भरलेली आहे.

भिंगरीला तेव्हा वाचता येत नव्हतं. तुमचं कडवं तिने वाचलं नाही, तिने बाटली पाहिली. सरबताची बाटली. बत्तीस वर्षं मी औषधांचं दुकान चालवलं, त्यात एवढं कळलं की लेबल फार थोडे लोक वाचतात. बाकीचे बाटलीचा आकार बघतात आणि तोंडाला लावतात.

कुलूप चालणार नाही. तुमची किल्ली कुठे असते ते भिंगरीला ठाऊक आहे, तुम्हाला नाही.

तुमच्या नगरपालिकेत मी फोन करून विचारलं. घरातल्या घातक कचऱ्याचं केंद्र दर शनिवारी उघडं असतं. सगळे डबे उभे ठेवून खोक्यात न्या. मोरीत ओतायचं नाही, रोजच्या कचऱ्यात टाकायचं नाही, जाळायचं नाही, आणि जागा वाचवायला दोन बाटल्या एकीत रिकाम्या करायच्या नाहीत. हे शेवटचं तुम्ही करणार होता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सामान दिलं की केंद्रावर पावती मिळते. ती मला पाठवा. पावती आली की मी भिंगरीची बॅग भरते.

तुमची चाळीस वर्षं टाकायला कोणी सांगितलं नाही. टर्पेंटाईन टाकायला सांगितलं आहे.

विहीण


१६ मार्च

विहीणबाईंना सप्रेम आणि किंचित दुखावलेला नमस्कार.

काल केंद्रावर जाऊन आलो. रिक्षात पुढे मी, मागे चार खोकी. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाला मागे वळून खोक्यांकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, एक लांब टेबल आणि ओळीने पिंपं. टेबलापाशी एक बाई, डोळ्यांवर मोठा चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. फार मर्यादेने बोलल्या. पहिली बाटली उचलून त्यांनी विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, मास्तरांची छडी. त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली आणि दुसरी उचलली. मी म्हटलं, शेवटचा तास. तिसरी आठवीची सुट्टी.

आता यात माझं काय चुकलं? दोन-तीन रंग मिसळून जी छटा तयार होते तिला कंपनीचं नाव नसतं. ती ज्याने घडवली त्याने तिचं बारसं करायचं. शेवटचा तास हा करडा, वर्गात दुपारी पंखा बंद पडल्यावर जसा उजेड असायचा तसा. छडी म्हणजे गंज काढायचं पाणी, कारण झोंबतं. आणि आठवीची सुट्टी हा निळा. परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून मी पळत बाहेर आलो तेव्हा वर जे आभाळ होतं, तो. तो जमवायला मला अकरा वर्षं लागली.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. मागे रांग वाढत होती, तरी त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही मला फार आवडलात. पण तुमची छडी आणि तुमचा तास मी एका पिंपात ओतले आणि भडका उडाला, तर मला कविता सुचणार नाही."

त्यांनी मला कोऱ्या चिकटपट्ट्यांचा गठ्ठा दिला. आत खरोखर काय आहे ते साध्या अक्षरांत लिहा, आठवत नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा, तेही आम्ही घेतो, फक्त वेगळं ठेवतो, असं म्हणाल्या.

विहीणबाई, चाळीस वर्षं मी अक्षरांवर पोट भरलं. त्याच अक्षरांवर आता स्वतःच्या हाताने 'माहीत नाही' चिकटवू? चारही खोकी रिक्षात घालून परत आणली. रिक्षावाला या खेपेला एकदाही मागे वळला नाही, नुसतं पुटपुटत होता.

आपला,
व्याही


२० मार्च

व्याहीबुवांना नमस्कार.

तुमचा अपमान झाला हे वाचून वाईट वाटलं. फार नाही.

माझ्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यायच्या. त्यांची अक्षरं तुमच्यासारखी नसायची. ज्या चिठ्ठीचं अक्षर लागायचं नाही ती मी 'माहीत नाही' म्हणून परत पाठवायचे. लोक चिडायचे, चार घरं सोडून दुसऱ्या दुकानात जायचे. पण अंदाजाने काही दिलं नाही, म्हणून आज शांत झोपते. 'माहीत नाही' लिहिण्यात काही कमीपणा नसतो, व्याहीबुवा. कमीपणा वाटतो तो आपल्याला स्वतःला, आणि तोही दोन मिनिटं.

पुढचा शनिवार गाठा. चिकटपट्ट्या लावायला एक दुपार पुरे.

भिंगरीने काल स्वतःच बॅग भरायला घेतली. मी फ्रॉक काढून परत कपाटात ठेवले. तिने नुसतं माझ्याकडे तुमच्यासारखं बघितलं.

विहीण


२६ मार्च

विहीणबाईंना सप्रेम, सानंद, सविनय नमस्कार.

काम फत्ते. खोली रिकामी. आता तिथे फक्त मी आणि माझा प्रतिध्वनी. भिंगरीची बॅग भरायला घ्या.

झालं असं, की सोमवारी सकाळी शेजाऱ्यांचं मोडकं कपाट न्यायला एक टेम्पोवाला आला होता. त्याला सगळे झटपट म्हणतात. त्याने माझी खोकी पाहिली आणि विचारलं, काका, हेही न्यायचंय का. मी विचारलं, नेणार कुठे. तो म्हणाला, योग्य जागी. एवढंच. इतकं मोजकं बोलणारा माणूस हल्ली भेटत नाही. त्याने ना चिकटपट्ट्या मागितल्या, ना नावं विचारली. उलट एक बाटली उचलून म्हणाला, काय अक्षर आहे काका. पाच मिनिटांत खोली मोकळी.

पावती मागायची राहून गेली. इतकं मोजकं बोलणाऱ्या माणसाकडे कागद मागणं बरं दिसलं नसतं. तेवढं आपण सांभाळून घ्यावं.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट. आज सकाळी फिरायला गेलो तर गावाबाहेरच्या पुलावर ही गर्दी. खाली ओढा निळा झालेला. निळा म्हणजे कसला म्हणून सांगू. विहीणबाई, माझ्या अंगावर काटा आला. जो निळा मी अकरा वर्षं शोधला, तो पाणी आपलं आपण वाहून आणत होतं. एक पांढरं बदक पाण्यात शिरलं आणि गळ्यापर्यंत निळं होऊन बाहेर आलं. बदकांच्या मालकीणबाई काठावरून काहीतरी ओरडत होत्या, पण माझं लक्ष पाण्याकडे. उभ्या उभ्या दोन ओळी सुचल्या:

आभाळ उतरले पाण्यात आज
पाण्याने ल्यालेला निळा साज

निसर्गाला असे रंग कुठून मिळत असतील, सांगा बरं.

आपला आनंदी,
व्याही


३० मार्च

व्याहीबुवा,

निसर्गाला तो रंग तुमच्या मागच्या खोलीतून मिळाला.

पुलाखाली जाऊन बघा. हातमोजे आणि बूट घालून जा. पाण्याला हात लावू नका, बाटल्या स्वतः उचलू नका. आधी नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षकांना सांगा. टेम्पोवाल्याचं नाव सांगा. तुमचंही सांगा.

मग मला लिहा. कविता नको.

विहीण


१३ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

आपलं पत्र तीन तारखेला मिळालं. वाचलं आणि तसाच पुलाकडे निघालो. वाटेत स्वतःला समजावत होतो की निळे रंग जगात पुष्कळ आहेत.

पुलाखाली झाडोऱ्यात माझी चार खोकी आडवी पडली होती. चहूकडे बाटल्या. सगळ्या नेमक्या नाव वर करून. टर्पेंटाईनची बाटली तोंड पाण्यात खुपसून पडली होती, आणि वर माझं कडवं, ठळक, सावलीसकट. तिच्याखाली मेलेले मासे. बोटाएवढे. मी सात मोजले आणि मग मोजणं सोडलं. काठावर एक दगड आहे, त्यावर गावातल्या बायका कपडे धुतात. तो दगड निळा होता. मी तिथेच उभा राहून चार दिवसांपूर्वी दोन ओळी रचल्या होत्या, नव्हे का? चार नव्हे, आठ. तारखांचाही गोंधळ उडालाय माझा.

तिथून सरळ नगरपालिकेत गेलो. निरीक्षकसाहेबांना सांगितलं, ओढ्यातलं सामान माझं आहे. ते शांतपणे म्हणाले, ठाऊक आहे. त्यांच्या टेबलावर बाटल्यांचे फोटो होते. शोध घ्यावाच लागला नाही म्हणाले. एवढं वळणदार अक्षर गावात एकाच माणसाचं, आणि त्यांच्या दारावरची पाटीसुद्धा त्यानेच रंगवलेली. आपण होऊन येताय का ते पाहायला दोन दिवस थांबलो होतो, असंही म्हणाले. तेव्हा मला बसायला खुर्ची दिली असती तर बरं झालं असतं, पण त्यांनी दिली नाही, आणि मीही मागितली नाही.

टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं. आम्हा दोघांनाही दंड झाला. त्याला जास्त, कारण तिथे आणखी चार घरांचं सामान सापडलं.

मग साफसफाई. मुखपट्ट्या आणि जाड मोजे घातलेली माणसं आली. त्यांनी ओढ्यात आडवा बांध घातला, काठावर लाकडाचा भुसा पसरून रंग टिपून घेतला, वरची माती खरवडून पोत्यांत भरली. मी मदतीला पुढे झालो तर मला हात लावू दिला नाही. केंद्रावरच्या बाई तिथे होत्या. त्या म्हणाल्या, तुमच्यावाचून अडलेलं काम एकच आहे. वर काठावर बसा आणि प्रत्येक नगाचं खरं नाव सांगा.

तीन दिवस मी काठावर बसलो. खालून एकेक बाटली वर दाखवायचे आणि मी सांगायचो. शेवटचा तास? ऑइल पेंट, त्यात शिशाचा सफेदा. छडी? ॲसिड. निकालाचा दिवस? जुना लाल, त्यातही शिसं. विहीणबाई, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो. बोलताना असं वाटत होतं की वर्गात उभं राहून चुका वाचून दाखवतोय. एक्केचाळीसपैकी एकोणतीस आठवले. बारा नाही आठवले. त्या बाराव्या बाटलीपाशी फार वेळ घालवला. सुंदर जांभळा रंग, नाव 'गॅदरिंगची संध्याकाळ', आत काय घातलं होतं ते देवाला ठाऊक. शेवटी मी म्हटलं, माहीत नाही. बाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, छान.

बदकं धुऊन धुऊन आता फिकट आकाशी झाली आहेत. त्यांच्या मालकीणबाई माझ्याशी बोलत नाहीत, बदकं मात्र बोलतात.

सगळं सामान केंद्रात जमा झालं, त्याची पावती सोबत आहे. पण भिंगरीला पाठवा म्हणून ती धाडलेली नाही. तसं म्हणायला तोंड उरलेलं नाही. तो ओढा पुढे शाळेच्या कुंपणालगत जातो. गेल्या सुट्टीत भिंगरी तिथे पाय बुडवून बसायची, आणि मी शेजारी बसून तिला पाण्यावरच्या कविता म्हणून दाखवायचो. एवढंच लिहायचं होतं.

आपला,
व्याही


२० एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

आठवडा झाला, आपलं उत्तर नाही. सुट्टी लागून पाच दिवस झाले. मी विचारत नाही, नुसती नोंद केली.

थोडं कामाचं लिहितो. केंद्राला पाटी हवी होती. गावात पुष्कळांना ते केंद्र ठाऊकच नाही, म्हणून सामान पुलाखाली जातं, असं बाईंचं म्हणणं. मला विचारलं, रंगवाल का. रंग त्यांनीच आणून दिला, नवा, बिनशिशाचा, लागेल तेवढाच. सावली नाही, वेलबुट्टी नाही, कडवं नाही. साध्या ठळक अक्षरांत मी लिहिलं: घरातले जुने रंग, ॲसिड, बॅटऱ्या, औषधं, पाऱ्याचे थर्मामीटर इथे द्या. शनिवारी दहा ते चार.

खाली जागा उरली होती. उस्ताद असते तर म्हणाले असते, तिथे फूल काढ. मी एक ओळ लिहिली, आत काय आहे ते सांगता आलं नाही तरी या. बाईंनी वाचली आणि राहू दिली. काल शनिवारी पाटी लावली, तर दुपारपर्यंत रांग शेडच्या बाहेर गेली. रांगेत आमचा इस्त्रीवालाही होता. पोतंभर जुन्या बॅटऱ्या घेऊन आला होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मागची खोली मी पुसून काढली. भिंतीला चुना दिला. खिडकी इतकी वर्षं खोक्यांनी झाकलेली होती, ती उघडते हे मी विसरलो होतो. सकाळी आत ऊन येतं. ते कशासाठी वापरायचं ते अजून ठरलेलं नाही.

दारावर थाप पडते आहे. झटपट असणार. दंड झाल्यापासून तो माझ्यावर दात खाऊन आहे, आणि आज सकाळी त्याचा टेम्पो गल्लीत दिसला होता. दोन शब्द ऐकून घेतो आणि येतो.

अर्ध्या तासाने.

विहीणबाई, हे पत्र आता टपालात टाकायची गरज उरली नाही, कारण या क्षणी आपण माझ्या स्वयंपाकघरात चहाचा डबा शोधता आहात. पण हातात घेतलेलं पत्र अर्धं टाकवत नाही, म्हणून पुरं करतो. भिंगरीला मोठी झाल्यावर वाचायला होईल.

मी दार उघडलं ते ओरडा खायच्या तयारीने, मान खाली घालून. म्हणून आधी दिसले ते लहान लाल बूट. ते माझ्या बाजूने आत पळाले सुद्धा, आणि मागच्या खोलीतून भिंगरीची हाक आली की आजोबा, इथे खिडकी आहे. मग वर पाहिलं तर आपण. चार तासांचा बसचा प्रवास करून, एका खांद्याला भिंगरीची बॅग, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेलं एक खोकं. सगळ्या बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं, वर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलेलं. मला वाटलं भिंगरीची खेळणी. घ्यायला हात पुढे केला तर आपण दिलं नाहीत. स्वतः आत येऊन ते माझ्या लिहायच्या टेबलावर, सरळ उभं, असं काही ठेवलंत की जणू आत कोणी झोपलेलं आहे.

मी नमस्कार केला. आपण केला नाहीत. केंद्र आज उघडं आहे का, असं विचारलंत. मी म्हटलं, काल होतं, आता थेट पुढच्या शनिवारी. मग तोवर राहावं लागेल, असं आपण खोक्याकडे बघत म्हणालात.

आत काय आहे ते मी विचारलं नव्हतं. आपणच सांगितलंत, भिंगरीला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात. आपल्या घरातले तीन खण. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या गोळ्या, लेबल गळून पडलेली औषधं, फुटलेल्या दोन थर्मामीटरांचा पारा, घट्ट झाकणाच्या बरणीत. आपल्या गावात केंद्र घरापासून चार पावलांवर आहे हे मला ठाऊक आहे. मी त्यावर नुसती खुर्ची पुढे केली.

आपण बसलात, चष्मा काढून पदराने पुसलात, आणि म्हणालात, "आमच्या केंद्रात टेबलापाशी बसतो तो माझ्या दुकानात गोळ्या घ्यायला यायचा. बत्तीस वर्षं मी त्याला बजावत आले, की जुनी औषधं घरात ठेवायची नसतात."